मेलेल्याच्या वाट्याची पाटी

सातपाटीच्या जमनाकडे एक पाटी होती. बांबूची, दणकट, भरली की दोघांनी धरून उचलावी एवढी मोठी. त्या एका पाटीनं गावातली सात पोरं धंद्याला लावली. जमनाचा स्वतःचा पोरगा मात्र त्या पाटीला हात न लावताच गेला. हे असं का झालं ते सांगायचं तर साठ सालापासून सुरुवात करायला हवी.

त्या साली हिवाळ्यात जमनाचा नवरा धर्माजी दर्यात गेला. वामन तांडेलाच्या शिडाच्या होडीवर तो खलाशी होता. वारा एकाएकी फिरला, होडी कलंडली, पाचातले चार परत आले. धर्माजी आला नाही आणि त्याचं प्रेतही आलं नाही. जमना तेरा दिवस बंदरावर बसून होती. चौदाव्या दिवशी उठली ती पुन्हा बंदराचं तोंड पाहायचं नाही असं ठरवूनच. मासळीवर जगणाऱ्या घरातली बाई आणि बंदर वर्ज्य म्हटल्यावर बायका पदराआड हसल्या, चार दिवसांत येईल म्हणाल्या. त्या जमनाला ओळखत नव्हत्या. शेजारची लाडकी बंदरावर जाई, आपल्या मासळीबरोबर जमनाचीही विकायची मासळी घेऊन येई. एक दिवस नाही, सात वर्षं तिनं हे केलं आणि कधी बोलून दाखवलं नाही.

वामन तांडेलाच्या आळीत एक जुनी रीत होती. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडत. एक वाटा होडीचा, एक जाळ्यांचा, मग माणशी एकेक. दर्यानं माणूस नेला तर त्याचा वाटा लगेच बंद करायचा नाही, मोसम संपेपर्यंत तो त्याच्या दारात नेऊन टाकायचा. टाकणाऱ्यानं बोलायचं नाही, घेणाऱ्यानं विचारायचं नाही. त्याप्रमाणे रोज सकाळी जमनाच्या दारात धर्माजीचा वाटा येऊन पडू लागला. बहुतेक बोंबीलच.

जमनाच्या घशाखाली तो वाटा उतरेना. नवऱ्याला ज्यानं गिळलं त्याच्याच पोटातलं आपण शिजवून खायचं? तिनं ठरवलं, हे खायचंही नाही आणि विकायचंही नाही. पण मासळी टाकून देणं हा तिच्या लेखी त्याहून मोठा गुन्हा होता. म्हणून अंगणात बांबू रोवून, दोर ताणून तिनं वलांडी केली आणि तिच्यावर ती एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडीजोडीनं बोंबील टांगत गेली. वैशाखापर्यंत पाटी शिगोशीग भरली. आणि त्या पाटीकडे बघताना तिला सुचलं ते असं की हिच्या जोरावर एक तरी पोर दर्यावरून उतरवता येईल.

ते पहिलं पोर म्हणजे जानू. धर्माजी बुडाला त्या होडीवरचा सगळ्यांत लहान खलाशी, तेव्हा वीस वर्षांचा. रोज सकाळी वाटा आणून टाकणारा तोच होता, आणि टाकून झालं की बंदराची वाट टाळून तो मागल्या गल्लीनं जायचा हे जमनानं पाहिलं होतं. त्याला दर्याची धास्ती बसली होती, पण दुसरं करणार काय? बाप नाही, भांडवल नाही, आणि बोंबील धरण्यापलीकडे काही येत नाही. अक्षय्यतृतीयेला जमनानं त्याला घरी बोलावलं, पाटी त्याच्यापुढे ठेवली आणि अटी सांगितल्या. तिच्या अटी दोनच. पुढल्या अक्षय्यतृतीयेला ही पाटी अशीच चांगल्या सुक्यानं भरून परत आणायची, म्हणजे ती दुसऱ्या पोराला देता येईल. पैसा नको, व्याज नको, पाया पडायला यायची गरज नाही. आणि दुसरी अट तिनं त्याच्या डोळ्यांत बघून सांगितली.

"पाटी घेतली की होडीला पाय लावायचा नाय. कदीच नाय."

जानूनं पाटीला हात लावून शपथ घेतली.

नुसती पाटी देऊन मोकळी होणारी ती नव्हे. पाटी घेणाऱ्या पोराला आधी तिच्या अंगणात राबावं लागे, आणि जमनाची जीभ म्हणजे बोंबलाचा मऊ काटा नव्हे, चांगला शिंगाळ्याचा डंख मारणारा काटा. बोंबील वाकवून बघायचा, कट्‌कन मोडला तर सुका, नुसता वाकला तर परत वलांडीवर. अर्धओला माल विकणाऱ्याचं गिऱ्हाईक एकदाच येतं, दुसऱ्यांदा त्याची शिवी येते, असं ती म्हणायची. मनोरच्या बाजारात डोंगरातली माणसं येतात, त्यांना तराजू दाखवून बोलायचं नाही, मुठीनं द्यायचं आणि वर अर्धी मूठ घालायची. सकाळची भवानी झाल्याशिवाय चहा प्यायचा नाही. माल संपला म्हणून दुसऱ्याचा माल आपला म्हणून खपवायचा नाही. एकदा जानूनं ढगाळ दिवशी आळस करून माल झाकला नाही, तर तिनं त्याला ते सगळे भिजके बोंबील पुन्हा एकेक करून टांगायला लावले आणि संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा विचारलं नाही. पण तो परत निघाला तेव्हा भाकरी बांधून दिली.

जानू शिकला. आधी मनोर, मग पालघर, आणि तारापूरच्या बाजूला अणुवीज केंद्राचं काम निघालं तशी बोईसर स्टेशनाजवळ गर्दी वाढली, तिथं त्यानं गोणपाट अंथरून धंदा मांडला. कुठकुठचे कामगार तिथं यायचे. जानू मोडकंतोडकं हिंदी बोलायला शिकला. गोणपाटाचं फळकुट झालं, फळकुटाचं दुकान झालं. लग्न झालं, बायको हिरा हिशेबाला त्याच्याहून तेज निघाली. दर अक्षय्यतृतीयेला पाटी भरून परत येत होती आणि नव्या पोराकडे जात होती. एक पोर तारापूरच्या वसाहतीत सायकलवरून सुकट-जवळा विकू लागलं, एकानं पालघरला वखार घातली, एक जव्हारपर्यंत पोचलं. गावातले काही तांडेल कुरकुरत, ही बाई होड्यांवरची माणसं पळवते म्हणत. जमना त्यांना सांगायची, माझ्या नवऱ्याला आणून द्या, मी पोरं परत देते.

आता तिच्या पोराविषयी. नवशा नवसानं झालेला, एकुलता एक. बाप गेला तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याच्या वयाची पोरं बापाबरोबर होडीवर जायला लागली होती, कुणी पाणी उपस, कुणी दोर गुंडाळ. नवशाला जमनानं बंदराच्या वाळूवरही पाठवलं नाही. तो अंगणात वाढला, वलांडीखाली. बोंबील टांगायचं, राखण करायची, कावळे हाकायचे. पुढं येणाऱ्या प्रत्येक पोराबरोबर तोही शिकत होता आणि खरं म्हणजे त्यांच्याआधी त्याला सगळं येत होतं. सोळा-सतराचा झाला तेव्हा त्यानं आईकडे पाटी मागितली.

जमना म्हणाली, "पुढल्या साली तुजी."

त्या साली पाटी दुसऱ्या एका पोराला गेली. पुढच्या साली नवशानं पुन्हा मागितली. तेव्हा रामनाथ नावाचा दूरच्या नात्यातला पोरगा दारात बसलेला होता, आई आजारी, घरात दोन लहान बहिणी. जमनानं पाटी रामनाथला दिली आणि पोराला पुन्हा तेच सांगितलं, पुढल्या साली तुजी.

असं तिनं का केलं? नवशावर तिचा जीव नव्हता असं कुणी म्हणेल तर त्याची जीभ झडेल. पण माणसाला चांगुलपणाचीही चटक लागते. गावात तिचं नाव झालं होतं. मेलेल्याच्या वाट्याची पाटी स्वतःच्या पोराला दिली असती तर लोक म्हणाले असते, बघा, शेवटी आपलंच भरलं. हे कुणी म्हणालं नव्हतं, म्हणणारही नव्हतं बहुधा. पण जमनाला ते ऐकू येत होतं. शिवाय नवशा डोळ्यांपुढे होता, अंगणात होता, सुखरूप होता. लोकांची पोरं आधी, आपलं पोर काय, घरातच आहे, असं तिला वाटलं. घरातल्याला थांबवणं सोपं असतं.

नवशा परत वलांडीखाली जाऊन बसला. तो फार बोलणारा नव्हताच. पण अठरा वर्षांचा पोरगा आईच्या अंगणात कावळे हाकतो म्हणून त्याच्या वयाची पोरं त्याला काय काय म्हणत ते त्यानं घरी कधी सांगितलं नाही.

सदुसष्ट सालच्या नारळीपौर्णिमेनंतर एका दुपारी जानू बोईसरहून आला. हातात नारळ, गुळाची ढेप, अंगात नवा सदरा. मागं नवशा, मान खाली. जानूनं नारळ जमनापुढं ठेवला आणि सांगितलं की त्यानं वामन तांडेलाबरोबर निम्म्या हिश्शानं इंजिनाची होडी घेतली आहे. आपण होडीला पाय लावलेला नाही, लावणारही नाही, फक्त पैसा लावला आहे, म्हणजे शपथ मोडत नाही. आणि त्या होडीवर नवशाला वाटेकरी केलं आहे. नुसता खलाशी नाही, दोन वर्षांनी होडीतला हिस्सा त्याच्या नावावर.

"तू सात वरसं लोकांची पोरं उबी केलीस काकी," तो म्हणाला. "तुज्या पोराला मी उबा करतो."

त्याचा चेहरा इतका खुशीत होता की जमनाला पहिल्यांदा काही कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं नारळ उचलून अंगणात भिरकावला. अट विसरलास का म्हणून ती जानूवर ओरडली. इंजिनाच्या होडीला वाऱ्याची भीती नाही, ती शिडाच्या होडीसारखी कलंडत नाही, असं तो चाचरत सांगू लागला. पण उत्तर त्यानं दिलं नाही, नवशानं दिलं. आवाजही न चढवता.

"आये, पाटी घेनाऱ्यानं होडीला पाय लावायचा नाय ना? मला तू पाटी दिलीस कवा?"

जमनाची नजर पाटीच्या रिकाम्या जागेकडे गेली. घरात पाटी नव्हती, ती रामनाथकडे होती. असती तर तिनं तिथल्या तिथं ती रिकामीसुद्धा त्याच्या हातात दिली असती. दुसऱ्या दिवशी पहाटे नवशा होडीवर गेला. जाताना आईनं भाकरी दिली नाही म्हणून लाडकीनं दिली.

पाच महिने सगळं ठीक चाललं. नवशाच्या अंगात मांस भरलं, आवाज मोठा झाला. मासळीचा वाटा घरी आला की तो हसून आईपुढे ठेवायचा आणि जमना तोंड फिरवून तो वलांडीवर टांगायची. तिचा राग उतरत चालला होता. माघात तर तिनं एकदा त्याला विचारलंसुद्धा, होडीवर थंडी वाजते का रे, म्हणून. त्यानंतर चौथ्या दिवशी तो गेला.

त्यात वादळ नव्हतं, वारा नव्हता. इंजिनही बंद पडलं नाही. जाळं सोडत होते. जाळ्याचा दोर होडीत वेटोळं करून ठेवलेला असतो आणि जाळं पाण्यात जाऊ लागलं की तो सळसळत सुटतो. नवशा मागं सरकला आणि त्याचा पाय त्या वेटोळ्यात पडला. दोर ताणला, पायाला फास बसला आणि पोरगा जाळ्याबरोबर खाली गेला. वामन तांडेलानं कोयत्यानं दोर तोडला, पण होडीकडल्या बाजूचा तुटला आणि नवशा जाळ्याकडेच राहिला. प्रेत तिसऱ्या दिवशी खाडीपलीकडे मुरब्याच्या बाजूला मिळालं. दोर पायालाच होता.

तेराव्याला वामन तांडेल येऊन ओसरीवर बसला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाय, हे सात वरसाच्या पोराला ठावं असतं. बाप पयल्या दिवशी तेच सांगतो. मला वाटलं त्याला ठावं हाय. इचारलं नाय मी."

त्याला जमनाला दुखवायचं नव्हतं, स्वतःचाच दोष सांगायला आला होता तो. पण जमनाला त्यातलं सगळं ऐकू आलं. सात पोरांना तिनं सगळं शिकवलं होतं. आणि आपल्या पोराला दर्यापासून इतकं जपलं होतं की दर्यावरची पहिलीवहिली गोष्टही त्याला कुणी सांगितली नव्हती. त्या दिवशी ती रडली नाही. रडण्याऐवजी कुणावर तरी रागवायला हवं होतं म्हणून तिनं राग जानूवर काढला. जानू दारात आला तेव्हा तिनं कडी लावून घेतली. तो दोनदा आला, तीनदा आला. रस्त्यात दिसला तरी ती पाठ फिरवायची. हिरा आली तिलाही आत घेतलं नाही.

आणि मग, रीतीप्रमाणे, नवशाचा वाटा दारात येऊन पडू लागला. रोज पहाटे, होड्या सुटायच्या आधी. टाकणारा बोलत नव्हता, जमना विचारत नव्हती. ती दार उघडायच्या आधीच तो गेलेला असे. सात वर्षांपूर्वी केलं होतं तेच तिनं पुन्हा केलं. वलांडी बांधली, जबड्यात जबडा अडकवून बोंबील टांगले. फक्त शेजारी कावळे हाकायला नवशा नव्हता.

रामनाथची पाटी परत आलीच नाही. तारापूरला कुठल्याशा कंत्राटदाराकडे त्याला रोजावर काम मिळालं, बाजार हिंडण्यापेक्षा ते बरं म्हणून त्यानं मालासकट पाटी विकून टाकली. लाजेनं की काय, गावाकडे फिरकला नाही. ज्याच्यासाठी आपलं पोर थांबवलं त्यानं हे केलं, हे जमनाला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की आईच्या औषधाला पैसे लागले असतील. नवी पाटी तिनं विकत घेतली. नवशाच्या वाट्यानं ती भरत आली.

त्याच सुमारास लाडकीनं तोंड उघडलं. सात वर्षं मासळी आणून देणाऱ्या लाडकीनं आजवर काही मागितलं नव्हतं. तिचा दादू पंधरा पुरा झाला होता. बाप दारूत गेलेला, पोरगा होडीवर जायचं म्हणत होता. लाडकी उंबऱ्यावर बसून पदराचं टोक पिळत म्हणाली की यंदाची पाटी दादूला दे. जमनानं लगेच हो म्हटलं. उशीर करण्याची शिक्षा तिला ठाऊक झाली होती. अक्षय्यतृतीयेला पाटी दादूची, असा तिनं शब्द दिला.

अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी हिरा आली. या वेळी तिनं कडी वाजवली नाही, अंगणातच उभी राहिली आणि वलांडीपाशी वाकलेल्या जमनाला म्हणाली, "तोंड नको बगू माजं. पन ऐक. हा वाटा कुनाचा येतो तुज्या दारात?"

रीत मोडणारा प्रश्न होता. जमनानं हातातला बोंबील खाली ठेवला.

हिरानं मग सगळं सांगितलं. जुन्या शिडाच्या होडीवर एक माणूस कमी झाला तर बाकीचे त्याचं काम ओढून नेत. इंजिनाच्या होडीवर जाळं मोठं, माणसं मोजकी, नवशाची जागा रिकामी ठेवून चालण्यासारखं नव्हतं. आणि त्या जागेवर दुसरा गडी घेतला असता तर वाटा त्या गड्याच्या घरी गेला असता. म्हणून जानू गेला. बोईसरचं दुकान हिरावर टाकून, शपथ मोडून, माघापासून तो रोज नवशाच्या जागेवर उभा राहत होता आणि वाटा उचलून जमनाच्या दारात टाकत होता. बंदरावर सगळ्यांना ठाऊक होतं, पण रीत म्हणून कुणी जमनाला सांगितलं नव्हतं. होडीवर चढला की त्याला ओकाऱ्या होतात. धर्माजी बुडाला तेव्हापासून त्याच्या मनात जे बसलं आहे ते गेलेलं नाही, झोपेत ओरडतो. दोनदा त्याच दोरावरून घसरला. सांगितलं तर ऐकत नाही. काकीचा वाटा बंद व्हायला नको, एवढंच म्हणतो.

"मी तुला शिव्या द्यायला आले नाय," हिरा म्हणाली. "माज्या पोटात सातवा म्हैना हाय. त्याला उतरव. तो तुजंच ऐकतो."

जमना उभीच राहिली. अंगणभर टांगलेल्या मालाकडे तिनं पाहिलं. तीन महिने ती ज्याला मेलेल्याचा वाटा समजत होती तो एका जित्या माणसाचा होता, आणि तो माणूस रस्त्यात दिसला तरी ती पाठ फिरवत आली होती. तिला स्वतःची शरम वाटली, अशी की चेहरा कुठं ठेवावा कळेना.

त्या दुपारी सातपाटीनं सात वर्षांत न पाहिलेली गोष्ट पाहिली. जमना बंदरावर गेली. बायका पाट्या घेऊन होड्यांची वाट बघत बसल्या होत्या, त्यांनी सरकून जागा दिली, पण ती बसली नाही. ज्याच्यावर तिनं तीन महिने राग धरला त्याची वाट बघत ती पाण्यापाशी उभी राहिली आणि होडी दिसेपर्यंत तिच्या मनात एकच होतं, आज येऊ दे, एवढा आजचा दिवस येऊ दे. होडी आली. जानू गुडघाभर पाण्यात उतरला. हातांची सालपटं निघालेली, गाल बसलेले. जमनाला बघून तो तिथंच थबकला, लाट येऊन त्याच्या कमरेला लागली.

जमना म्हणाली, "उद्या आखिती हाय. घरी ये. पाटी घेऊन जा."

"मी एकदा घेतली काकी."

"त्या पाटीची शपथ तू मोडलीस. परत घे, परत शपथ घे."

"मंग तुजा वाटा?"

"माजा पोर गेला जानू. त्याचा वाटा संपला. हा आजचा वाटा तुजा हाय, तो हिराला दे."

जानू लहान पोरासारखा रडू लागला, भर बंदरावर, सगळ्यांदेखत. जमनानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिला हलकं वाटलं, खोटं कशाला बोला, पण ते क्षणभरच. कारण हात काढून ती वळली तेव्हा मागं लाडकी उभी होती. बगलेत जमनासाठी मासळी न्यायची रिकामी पाटी, शेजारी दादू. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आनि माज्या दादूचं?" लाडकीनं विचारलं.

भरलेली पाटी एकच होती. जानूचा पैसा होडीत अडकला होता, दुकानात माल उरला नव्हता, आणि पाटी न नेता घेतलेली शपथ जमनाच्या लेखी शपथ नव्हती. दोन जिवांत ती वाटून देण्यासारखी नव्हती. अर्धी पाटी घेऊन बाजारात उभं राहिलेल्या पोराचा धंदा महिनाभर टिकत नाही, हे जमनाच सगळ्यांना शिकवत आली होती. एका बाजूला सातवा महिना लागलेली हिरा, दुसऱ्या बाजूला सात वर्षं आपली मासळी वाहणारी लाडकी आणि दिलेला शब्द. उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं आणि तिच्या ओठांवर आपसूक तेच दोन शब्द आले, पुढल्या साली, जे तिनं नवशाला दोनदा सांगितले होते. तिनं ते गिळले. पण लाडकीला ते कळायला बोलून दाखवायची गरज पडली नाही. तिनं ती रिकामी पाटी वाळूत ठेवली आणि दादूला घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जानू आला, पाटीला हात लावून त्यानं शपथ घेतली आणि पाटी नेली. त्यानं होडीतला आपला हिस्सा वामन तांडेलाला देऊन टाकला. आषाढात हिराला मुलगा झाला. जानू पाटी परत आणणार होता, त्याबद्दल जमनाच्या मनात शंका नव्हती. पण ती पुढल्या अक्षय्यतृतीयेला. त्याआधी नारळीपौर्णिमा येते, आणि नारळीपौर्णिमेला होड्या सुटतात, आणि वामन तांडेलाच्या होडीवर एक जागा रिकामी होती. दर्यावर जागा रिकामी ठेवता येत नाही. त्या जागेवर दादू गेला.

लाडकीनं जमनाची मासळी आणणं बंद केलं. भांडली नाही, फक्त अंगणासमोरून जाताना पाठ फिरवून जाऊ लागली. जमनानं तिला बोल लावला नाही. पाठ फिरवणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं ते तिला पुरतं माहीत होतं. ती स्वतःच बंदरावर जाऊ लागली. दुपारी मासळीसाठी जायचीच, पण पहाटेही जायची, होड्या सुटायच्या वेळी, जेव्हा मासळी घेणाऱ्या बाईचं तिथं काही काम नसतं. पाण्याच्या कडेला उभी राहून दादू होडीवर चढायची वाट बघायची. पाटी नव्हती, तिच्याकडे द्यायला एकच गोष्ट उरली होती.

"दादू, दोराच्या वेटोळ्यात पाय नको ठेवू."

"ठावं हाय काकी," पोरगा म्हणायचा. आधी हसून म्हणायचा, मग बाकीचे खलाशी हसू लागले तसा चिडून. इंजिन सुरू व्हायचं. होडी दिसेनाशी होईपर्यंत जमना उभी राहायची, मग घरी येऊन वलांडी बांधायला घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच सांगायला जायची.